टाकीला लावलेली सवय

नोकरी संपली की माणसापुढे आयुष्याच्या अर्थाचा प्रश्न उभा राहतो. तोकुजी इसोगाई यांच्यापुढे तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर उभा राहिला, आणि विजेवर पाणी तापवायला खर्च किती येतो, एवढाच तो होता.

उत्तर जपानातल्या बर्फाळ योकोतेच्या पोस्टातून ते घरी बसले त्याच वर्षी घरात पाणी तापवायचा उष्णता पंप आला. बाहेर पंख्याची पेटी, ती बर्फाळ हवेतूनही ऊब गोळा करते. तिच्याशेजारी उंच टाकी. आणि आत भिंतीवर एक फलक, तो बाईच्या गोड आवाजात "अंघोळीचं पाणी तयार आहे" असं सांगतो. रात्री वीज स्वस्त, म्हणून पाणी रात्रीच तापतं. किती तापवायचं ते यंत्रच ठरवतं. गेल्या आठवड्यात घराने जेवढं वापरलं असेल, तेवढं. इसोगाईंना हे फार पटलं. पोस्टातल्या एकाही साहेबाने त्यांच्याकडे इतकं लक्ष दिलं नव्हतं.

टबातलं पाणी दोघांना एकच; ते निवलं की पुन्हा तापवायला वीज जाते, म्हणून स्वतःची अंघोळ होताच ते दारातून बायकोला हाक मारत.

"अगं सुमिए, ये लवकर. पाणी निवतंय."

"भात लावलाय."

"भात थांबेल."

"मग पाण्यालाही सांगा थांबायला. झाकण टाका टबावर."

"झाकणातूनही जाते ऊब."

सकाळी बर्फ काढताना ते आधी पंख्यापुढचा काढत, मग दारापुढचा. पंख्यापुढे बर्फ साचला की यंत्राला वीज जास्त लागते. दारापुढे साचला तर फक्त सुमिए घसरते.

गेल्या वर्षी नववर्षाच्या सुट्टीत मुलगी चिनामी आपल्या छोट्या मुलाला, इत्सुकीला घेऊन सेंदाईहून आली होती, चांगली चार दिवस राहायला. दोन माणसांच्या काटकसरीला सरावलेली टाकी पहिल्याच रात्री संपली, तेव्हा चिनामीच्या केसांत फेस होता. सकाळी तिला ऑफिसचं काम आठवलं. यंदा फोनवर ती म्हणाली, "एक रात्र येते, आई. पुढचं बघू."

सुमिएला एक रात्र नको होती. तिने फलकावरचं 'जास्त'चं बटण दाबून पाहिलं. इसोगाईंनी ते संध्याकाळच्या आत 'आपोआप'वर आणलं. "यंत्राला आपल्यापेक्षा जास्त कळतं," ते म्हणाले.

तेव्हा सुमिएने यंत्रालाच शिकवायचं ठरवलं. दुपारी इसोगाई वस्तीच्या सभागृहात शोगी, म्हणजे जपानी बुद्धिबळ, खेळायला जात. तेवढा वेळ तिच्या हातात होता. पण तापलेलं पाणी नुसतं मोरीत सोडणं तिला जमेना. दोनदा नळ उघडला, दोनदा बंद केला. शेवटी तिने शेजारच्या कुवाबाराआजींना हाक मारली. आजी एकट्या राहायच्या. घरात रॉकेलवरचा बंब, आणि रॉकेल पुरवायचं म्हणून अंघोळ एक दिवसाआड.

"आजी, आमच्याकडे अंघोळीला या."

"का गं? वास येतोय का मला?"

"नाही हो! टाकीला सवय लावायचीय."

"बरं. आणि मला लागली तर?"

आजी रोज येऊ लागल्या. येताना धुरी देऊन खारवलेला मुळा आणत, हनुवटीपर्यंत पाण्यात बसत आणि आतून ओरडत, "सुमिए, स्वर्गात गेलेली माणसं परत का येत नाहीत ते आत्ता कळलं गं!"

फलकावरच्या वापराच्या रेघा चढू लागल्या. इसोगाईंचं जेवण उतरलं. गळती असणार, म्हणून ते बर्फात गुडघे टेकून पाइपांना कान लावून बसले. आत आले तेव्हा सुमिएने ताट वाढलं होतं.

"हा मुळा सारखा कुठून येतोय?"

"कुवाबाराआजी देतात."

"भली बाई आहे," ते म्हणाले आणि पुन्हा फलकाकडे बघू लागले.

शुक्रवारी ते शोगी सोडून भर दुपारी निवा मेकॅनिकला घेऊनच घरी आले. निवाने टाकी पाहिली, सांधे पाहिले, न्हाणीघराबाहेरच्या बोळात गुडघ्यांवर बसून पाइप चाचपले.

"साहेब, एक थेंब गळत नाहीये."

तेवढ्यात न्हाणीघराचं दार सरकलं. उकडलेल्या खेकड्यासारख्या लाल झालेल्या कुवाबाराआजी, सुमिएचा झगा घालून, डोक्याला टॉवेल गुंडाळून बाहेर आल्या.

"झाकण टाकलंय गं सुमि—"

निवाने पाना खिशात ठेवला. "सापडली गळती, साहेब."

इसोगाई बायकोकडे वळले. "हे काय चाललंय?"

"टाकीला शिकवतेय. उद्या चिनामी येतेय. गेल्या वर्षी पोरगी थंड पाण्याने केस धुऊन गेली हो."

"तिला ऑफिसचं काम होतं."

"नववर्षाच्या सुट्टीत?"

हे गणित इसोगाईंनीही वर्षभर केलं असावं. उत्तर मात्र कोणाला दाखवलं नव्हतं. ते फलकापाशी गेले आणि त्यांनी स्वतःच्या बोटाने 'जास्त'चं बटण दाबलं. मग आजींकडे न बघता म्हणाले, "आजी, आज रात्रीही या. टाकीची खात्री पटायला हवी. फक्त माझ्या पाठोपाठ शिरा, पाणी निवायला नको."

"तुमच्या पाठोपाठ? या वयात? गाव काय म्हणेल!"

निवाने भेटीचे पैसे घेतले नाहीत. मुळा घेतला.

शनिवारी टाकी काठोकाठ तापलेली होती. चिनामी आली ती इत्सुकीला कडेवर घेऊनच. पोर तापाने फणफणलं होतं. ताप असलेल्या मुलाला इकडे टबात घालत नाहीत.

"या बर्फात याला घेऊन परत कशी जाऊ?" चिनामी म्हणाली. ती पाच रात्री राहिली.

रोज संध्याकाळी इसोगाई खोलीच्या दारात येऊन म्हणायचे, "ये गं, पाणी भरपूर आहे. अगदी आरामात कर."

"नको बाबा. हा माझं बोट धरून झोपलाय."

मग त्याच्या शेजारी तीही झोपून जायची. सुमिए दोघांवर पांघरूण घालायची आणि दिवा मालवायची.

इत्सुकीचं अंग पुसायला रोज एक तपेलीभर गरम पाणी लागलं. तेवढं किटलीतही तापलं असतं.