नासका खरवस आणि साक्षीभाव

“सहभागी प्राध्यापकांना झालेला त्रास खरवसामुळे नव्हे, तर ध्यानसत्र चालू असताना उच्चारल्या गेलेल्या एका नकारात्मक वाक्यामुळे झाला.”

मालाडच्या आमच्या महाविद्यालयाने नेमलेल्या चौकशी समितीच्या अहवालाचा मसुदा या विधानाने सुरू होत होता. समितीत प्राचार्या कुंदा परुळेकर आणि मी. त्यांची सही झालेली होती, माझी बाकी होती. वाक्य उच्चारण्याचा आरोप पद्मजा तांडेल यांच्यावर होता. त्या वनस्पतिशास्त्र शिकवतात, तेही तासिका तत्त्वावर. अहवाल जसाच्या तसा मंजूर झाला तर पुढच्या सत्रात त्यांना बोलावले जाणार नाही, हे प्राचार्यांनी मला कपात चहा ओतता ओतता सांगितले.

ते वाक्य असे होते : “हा नासलाय.”

दोन शब्दांना अख्ख्या प्राध्यापकवर्गाची आतडी उलटीपालटी करण्याचे सामर्थ्य लाभले असेल, तर भाषाशास्त्राच्या इतिहासातली ती असाधारण घटना म्हणायला हवी. आमच्या वर्गांतून तासन्‌तास बोलले जाते आणि समोरच्या विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावरची माशीही हलत नाही.

सत्राचा विषय होता ‘गोडाचा एक घास, पाच इंद्रियांनी’. प्रशिक्षक निमेश यांनी खरवस स्वतः आणला होता, आरे कॉलनीकडच्या एका तबेल्यातून. प्रत्येकाच्या हातावर एकेक वडी ठेवली गेली. आधी पाहा, मग स्पर्श करा, मग वास घ्या. जे जाणवेल त्याची फक्त नोंद घ्या, चांगले-वाईट ठरवू नका, साक्षीभावाने राहा, असे ते मऊ आवाजात सांगत होते. प्राध्यापकांनी पाहिले. वडीच्या कडेला पिवळट पाणी सुटले होते. त्यांनी स्पर्श केला. बोट उचलले की बुळबुळीत तार निघत होती. त्यांनी वास घेतला. फडक्यात बांधून विसरलेल्या दुधाचा असतो तसा, घशात बोट घालणारा वास होता तो. नंतर अनुभव सांगताना इतिहासाच्या विभागप्रमुखांना त्यात आपले बालपण आढळले. अर्थशास्त्राच्या बाईंना ‘मातीशी असलेले नाते’. आपल्या तर्कपरंपरेने प्रत्यक्षाला पहिले प्रमाण मानले आहे. या विद्वानांनी मात्र नाक, डोळे आणि बोटे या तिघांची साक्ष फेटाळून प्रशिक्षकाचा शब्द ग्राह्य धरला, आणि डोळे मिटून गिळले. त्या शांततेत एकच व्यक्ती बोलली आणि वडी कागदात थुंकून मोकळी झाली. संध्याकाळपर्यंत प्राध्यापक कक्षाबाहेरच्या स्वच्छतागृहासमोर साक्षीभावाची रांग लागली होती. आतून येणाऱ्या आवाजांबाबत मात्र कुणी काही नोंद घेतल्याचे दिसत नाही.

सही करण्यापूर्वी पद्मजा आणि निमेश या दोघांनाही बोलावून समोरासमोर ऐकावे, एवढीच अट मी घातली.

प्राचार्यांनी सुरुवात फार सौजन्याने केली. पद्मजा मालाडच्या कोळीवाड्यातल्या, आईची बाजारात मासळीची पाटी. तेव्हा लहानपणापासून उग्र वासांची सवय असलेल्या नाकाला दुधातुपाचे बारकावे कसे कळावेत, असे त्यांनी हसत हसत विचारले. या प्रश्नाने मला आलेली किळस खरवसापेक्षा वेगळ्या जातीची नव्हती.

“मॅडम, आमच्याकडे माल आंबला की पाटी उलटी करतात,” पद्मजा म्हणाल्या. “डोळे मिटून त्याचं कौतुक नाही करत.”

मी निमेश यांच्याकडे वळलो. अहवालाच्या सिद्धांतानुसार वाक्यानेच माणसे आजारी पडली असतील, तर पद्मजांच्या सर्वांत जवळ उभे असलेले तेच होते. त्यांना काहीच कसे झाले नाही? आपले मन अनेक वर्षांच्या साधनेने घडलेले आहे, असे उत्तर त्यांनी दिले.

मग मी बळवंतांचा विषय काढला. बळवंत आमच्या फाटकावरचे रखवालदार. सत्र सुरू होण्याआधीच त्यांच्यासाठी कागदी ताटलीत खरवस पाठवला होता. तो त्यांनी कोणत्याही इंद्रियाला आवाहन न करता, भूक लागलेला माणूस खातो तसा, दोन घासांत संपवला. सत्र तिसऱ्या मजल्यावर, बंद दाराआड. वाक्य फाटकापर्यंत पोहोचले नव्हते. खरवस पोहोचला होता. आणि बळवंत रुग्णालयात सलाइनवर होते.

“अजून?” निमेश यांनी विचारले. बळवंत अजून घरी परतलेले नाहीत, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

“काल लघवी बंद झाली होती त्यांची,” पद्मजा निमेशना म्हणाल्या. “मी जाऊन आले. आणि दादा, आता एक सांगते. बाकी सगळ्यांचे डोळे मिटलेले होते, माझे नव्हते. तू तुझी वडी ओठांपर्यंत नेलीस आणि रुमालात टाकलीस. मी पाहिलंय.”

प्राचार्यांनी घाईने मध्ये पडून, या आरोपाला उत्तर देण्यास निमेश बांधील नाहीत, असे बजावले. पण निमेश बोलू लागले होते. त्यांचा मऊ आवाज कुठल्या कुठे गेला होता. राहिला होता तो उपनगरातला साधा, घाबरलेला तरुण. मसुदा मी उलटा केला आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर त्यांचे शब्द, एकही न गाळता, उतरवून घेतले :

“सर, डबा उघडला तेव्हाच मला वास आला होता. आदल्या दिवसापासून तो गाडीत होता, उन्हात. म्हणून मी नाही खाल्ला. ताई बोलल्या ते खरं होतं, पण तेव्हा हो म्हटलं असतं तर माझी वाट लागली असती ना. मला वाटलं, एवढी शिकलेली माणसं आहेत, खराब लागलं तर थुंकतील. पण कोणी थुंकलंच नाही, सर. मी बघत होतो. सगळे हसत हसत गिळत होते.”