कोबीमागची थंडी

पेल्यातल्या काडीवरचा तिसरा डोळा उघडला होता, तांदळाच्या दाण्याएवढं हिरवं टोक, आणि म्हातारा सकाळपासून चौथ्यांदा त्याच्यासमोर येऊन उभा राहिला होता, चौकीत हजेरी द्यावी तसा.

मुलीने अटच तशी घातली होती: काडी कापून घरात उबेला ठेवू, रविवारपर्यंत डोळे फुटले तर झाडांची हिवाळ्याची झोप पुरी झाली, यंदा फुलतील, नाही फुटले तर सफरचंदाची ती चाळीस झाडं काढायची. तीन वर्षं फळ नाही, थंडीच पडत नाही त्याला कोण काय करणार. बरोबरच होतं तिचं, बाग आता तीच सांभाळते. पण ही काडी... ही त्याने आधीच कापून, ओल्या फडक्यात गुंडाळून, सहा आठवडे फ्रिजमध्ये कोबीच्या मागे झोपवली होती. पंधरा दिवसांपूर्वी झाडावरून आणलेली खरी काडी मागच्या खोलीत पडद्याआड होती. घट्ट मिटलेली, तरी न झोपलेली — त्याच्यासारखी, कारण फ्रिज घुरघुरला की तो जागा.

थंडी काय असते ते हिने पाहिलंय कुठे? एका साली त्याची सावली शेडच्या भिंतीला गोठून चिकटली होती, मार्चात सुटली, तोवर तो बिनसावलीचा हिंडला... लहानपणी ही गोष्ट ऐकून ती विचारायची, दुखलं का हो तिला? पुढेपुढे तो तोंड उघडायच्या आधीच हसू लागली.

आज हसली नाही. वाकून बराच वेळ काडी पाहत राहिली.

"बाबा, तुमचंच खरं निघालं. ठेवू या झाडं. मी त्या नोकरीला नाही म्हणून कळवते."

नोकरी? कसली नोकरी — हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मग तोंडून निघूनच गेलं, मीठमसाला न लावता: "अगं, ती काडी फ्रिजमधली आहे. सहा आठवडे कोबीच्या मागे होती."

ती पोट धरून हसली. "आणि सावली? ती बर्फाच्या खणात का?" म्हणत फोन शोधायला गेली.

खरं बोललो ना मी? मग... त्याने पडद्याआडची काडी उचलली. ही दाखवली की संपलं. अंगणात ती फोनवर कुणाला तरी हवापाणी विचारत होती, मुद्द्यावर यायची होती अजून. तो दारात थांबला, एकेक मिटलेला डोळा अंगठ्याने चाचपत — आणि इतक्या वर्षांनी त्याला तिच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. दुखलं, बाळ. चिकटली होती तोवर नाही... सुटताना.