तेरा दिवसांचा नाताळ

मी तांब्याचा हंडा बोलतोय. पण माझ्या सांगण्यावर पुरता भरवसा ठेवू नका. त्या वेळी मी चुलीवर तेरा दिवस होतो असं आठवतं. चौदाही असतील. तापलेल्या डोक्याला मोजदाद कशी जमणार?

माझा जन्म मोसुलच्या तांबट आळीतला. ठोकणारा मुसलमान, कल्हई लावणारा आर्मेनियन आणि विकत घेणारी डोंगरातली मरगनीता, असिरियन ख्रिस्ती. मी स्वतः कोण, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडला नव्हता.

मग चर्चनं नाताळाची तारीख बदलली आणि गाव दुभंगलं. मरगनीताचा थोरला ओदिशो नव्या तारखेकडे गेला, धाकटा झाया जुनीला चिकटून राहिला. मध्ये तेरा दिवस. एकाची मेजवानी, तेव्हा दुसऱ्याचा नाताळाआधीचा उपास. मांस नाही, दूध नाही.

दोघं लढाईतून जिवंत परतले. आईनं नवस केला होता, की नाताळाचा हरीसा, म्हणजे गहू आणि मांस एकत्र घोटून केलेलं जेवण, दोघं एकाच हंड्यातून एकत्र खातील. नवस फिटला नाही तर संत दिलेला मुलगा परत मागेल, या धास्तीनं तिला झोप येईना.

"खाऊ की, माझ्या नाताळाला," ओदिशो म्हणाला.

"तारीख सोडली त्याचा कसला नाताळ? दादा, तू असिरियनच राहिला नाहीस."

"आणि तू? तू नुसतं कॅलेंडर आहेस."

मग हंडा कुठल्या चर्चचा, यावर गावाची बैठक बसली. शेजारचा कॅथलिक गब्रो म्हणाला, याचा कान पश्चिमेला आहे, तेव्हा हा रोमचा. शेवटी माझ्या पोटावर चुन्याची रेघ ओढली. जावाजावांनी आपापल्या बाजूनंच ढवळायचं ठरलं. गव्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं. तो फिरत राहिला.

मरगनीतानं ओदिशोच्या नाताळाला मला चुलीवर चढवलं आणि सांगितलं, "आता झायाच्या नाताळालाच उतरवणार. मधे दिवस मावळलाच नाही असं समजा."

ती पाणी घालत राहिली. पहिल्याच दुपारी झाया लाकडं टाकायला आला. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, रेघेपलीकडे, भावाच्या बाजूला बोट बुडवलं आणि चाटलं. ऐन उपासात.

तेराव्या दिवशी हरीशाचा गिलावा झाला होता. भाऊ शेजारी बसून चावत होते.

"खारट झालाय," झाया म्हणाला.

"तुझ्या बाजूनं."

मरगनीता चुलीकडे तोंड करून डोळे पुसत होती. म्हणाली, धूर फार आहे.

आता मी सिडनीत, ओदिशोच्या मुलीच्या गॅरेजमध्ये असतो. पोटात बागेचा पाइप आहे, कल्हई उडाली आहे. पाहुणे अजून विचारतात, कुठल्या चर्चचा? ते विचारू नका, जमलं तर कल्हई करा.

ओदिशोही लपूनछपून काही करतोय असा मला तेव्हाही संशय होता, पण खात्री वीस वर्षांनी पटली. त्याची विधवा खावा मुलीला सांगत होती: त्या तेरा दिवसांत त्यानं पोट बिघडल्याचं निमित्त करून घरात मांसाला, दुधाला हातसुद्धा लावला नव्हता.