माझं उजवं चाक निर्दोष होतं

त्या दुपारी बाबांनी मला पुन्हा जॅकवर चढवलं आणि पुन्हा उजव्याच बाजूनं. मागचं चाक उतरवलं, ब्रेकचा ड्रम काढला, पुसला, फुंकला, परत बसवला. दोष नव्हताच, तर सापडणार कुठून? पान्हे हातात देणाऱ्या लेकीला त्यांनी विचारलं, "उजवीकडूनच येतोय ना गं आवाज?"

"तुम्हाला वाटतंय तर तसंच असेल, बाबा," ती म्हणाली. मग दोघं हात धुऊन चहाला गेली.

मित्रांनो, दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा झोपेतच गेले. म्हणून ती दुपार मला अजून बोचते.

मी एक जुनी मोटारगाडी. आज माझा रंग उडाला आहे आणि एक काच हातानं ओढून वर घ्यावी लागते. पण नवी होते तेव्हा येणारे-जाणारे माझ्या बॉनेटमध्ये पाहून भांग पाडत. बाबांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. नुसता कान लावून ते आतलं दुखणं ओळखत. माझ्या मागच्या सीटवर रेडिओ एकमेकांना खेटून बसत. लेकीची शाळा, आईचा दवाखाना, सगळं मीच केलं. काकांची बिऱ्हाडंसुद्धा मीच हलवली, आणि त्याबद्दल त्यांनी मला कधी साधं पुसलंही नाही.

मग माझ्या मागच्या एक्सलकडून टकटक सुरू झाली.

बाबांनी तपास अगदी रीतसर केला. उभ्या उभ्या इंजिन गुरगुरवून पाहिलं, तर आवाज नाही. चालत असताना न्यूट्रल केलं, तर आवाज तसाच. चाकाच्या वेगाबरोबर तो वाढे आणि ब्रेकवर हलका पाय ठेवला की थांबे. म्हणजे एक्सल ठणठणीत होता, दोष चाकातल्या ब्रेकमध्ये होता. इथवर त्यांचं म्हणणं तंतोतंत खरं. पण कुठल्या चाकात? तिथंच घोडं पेंड खात होतं.

बाबांचा डावा कान गेला होता. त्यांना सगळे आवाज उजवीकडूनच येत. हे आईला ठाऊक होतं, काकांना ठाऊक होतं, लेकीलाही ठाऊक होतं. पण ज्या माणसानं कानाच्या जोरावर संसार केला त्याला हे सांगायचं कसं? सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलं. जेवताना जो तो त्यांच्या उजव्या हाताची खुर्ची पकडायला धडपडे. त्या घरात खरं बोलणारी मी एकटी, आणि दुरुस्ती मात्र माझीच चालली होती. उजव्या चाकाला नवे ब्रेक शू मिळाले, नवं बेअरिंग मिळालं. डाव्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

बाबा गेल्यावर काकांनी निकाल दिला, "एक्सलच गेलाय हिचा. दादानंसुद्धा हात टेकले. द्या भंगारात." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला बोललात ते बोललात, पण बाबांनी हात टेकले? भंगारवाल्याला रविवारी यायला सांगितलंसुद्धा.

शनिवारी ती एकटीच माझ्याकडे आली. बाह्या सरसावल्या, जॅक उचलला आणि डाव्या बाजूला लावला. चाक हातानं फिरवलं. टक. पुन्हा फिरवलं. टक. ड्रम काढला, तर ब्रेकची एक स्प्रिंग तुटून आत लोंबकळत होती. बोटभर स्प्रिंग! तेवढ्यासाठी मला भंगारात काढणार होते.

तिनं नवी स्प्रिंग आणून बसवली. चाक मुकाट फिरलं. भंगारवाल्याला तिनं नको म्हणून कळवून टाकलं.

मित्रांनो, आमचं तेलपाणी वेळेवर करा, आम्ही जन्मभर साथ देऊ. पण आवाज ज्या बाजूनं येतो ती बाजूही सांगत जा. कुणाचं मन राखायला आमचं भलतंच चाक खोलू नका.

हात पुसून ती आत येऊन बसली, बाबांच्या डावीकडच्या सीटवर. स्टिअरिंगमागच्या रिकाम्या जागेकडे वळली. मग मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत म्हणाली,

"बाबा, डावीकडून येत होता. त्या कानानं तुम्हाला ऐकू येत नव्हतं. तुम्हालाही ते माहीत होतं. म्हणूनच मला विचारत होतात ना?"