मडक्यातली नानेटी

तांबडा

सप्टेंबर १९७९. आचोळ्यात विहिरीजवळ शंभरेक माणसं जमली होती. विठ्ठलबाबाने मडक्यात हात घालून हातभर लांब साप काढला. मातकट, अंगावर दोन पिवळट पट्टे. वसईच्या वाड्यांत पाटाकडेला दिसते ती साधी नानेटी. बिनविषारी.

"बोल राजा, या बायचा पोरगा कसा हाय?"

त्याने साप चिमटला. साप फुगला आणि मानेवर तांबडा रंग उमटला. बायकांनी हात जोडले.

"कुंकवाचा रंग. पोरगा खुशाल."

पण विचारणाऱ्या मटिल्डामावशींनी छातीवर क्रुसाची खूण केली. त्या माझ्या शेजारच्या, घरात एकट्या. मुलगा प्लासिड मालवाहू जहाजावर. अकरा महिने पत्र नाही.

"बाई, तांबडा," त्या मला म्हणाल्या. "धर्मासाठी जीव दिलेल्या रक्तसाक्षी संतांच्या सणाला फादर तांबडा झगा घालतात. माझा प्लासिड गेला."

बाबाने ते ऐकलं.

निळा

पुढच्या रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर मावशी पुन्हा गेल्या. या वेळी साप निळा फुगला.

"तुमच्या मरियामातेच्या शेल्याचा रंग. पोरगा खुशाल."

मावशी हसल्या. मागे उभ्या, देवळातून आलेल्या नर्मदेने आपल्या मुलीचं विचारलं. तिला मात्र तांबडा: मुलगी सुखात.

मी शाळेत विज्ञान शिकवते. म्हटलं, "बाबा, कोण मिस्साला जातं न् कोण देवळात, सापाला कसं कळतं?"

"देवाला समदं कळतं."

"मडकं पालथं करा."

"देव कधी पालथा करतात का, बाई?"

नर्मदेनेच मडकं लवंडलं. आत दुसरी नानेटी होती.

मातकट

नानेटीच्या खवल्यांमधली कातडी कुणाची निळी, कुणाची तांबडी. घाबरून साप फुगला की खवले फाकतात, कातडी दिसते. शांत झाल्या की दोन्ही सारख्याच. मी तिथेच दाखवलं. लोक हसत पांगले. बाबा मडकं टाकून सटकला.

मावशी उभ्याच.

"तुमचं खरं, बाई. आता रविवारी मी कोणाला विचारू?"

जहाजाच्या कंपनीला आम्ही दोन पत्रं लिहिली. उत्तर नाही.

आता दर रविवारी त्या माझ्या पायरीवर येतात.

"काय कळलं?"

"नाही, मावशी. माहीत नाही."

वाचकहो, सापाला विचारू नका. ज्याला माहीत नाही त्याच्याकडून 'माहीत नाही' एवढंच ऐकून घ्या. आणि तसं सांगणाऱ्याने सांगून उठून जाऊ नये. माझ्याही घरात दुसरं कोणी नाही. मी दोन कप चहा ठेवते.