सुपातल्या नऊ वाटण्या

मी एक जुनं सूप आहे. मुरबाडच्या बाजारात एका बुरुडाने मला विणलं. डोळखांबकडच्या नऊ घरांच्या एका पाड्यावर गिरजाने मला शेणाने सारवलं आणि भात पाखडायला घेतलं. पण मित्रांनो, मी मिरवतो ते वेगळ्याच कामासाठी!

साल २००१. आदल्या पावसाळ्यात एका संस्थेने घरटी सारखीच आंब्याची कलमं वाटली होती. उन्हाळ्यात ती सगळी वाळली. "यंदाही वाळली तर योजना बंद," असं संस्थेच्या साहेबांनी बजावलं. गिरजा बचत गटाची प्रमुख, वाटपाची जबाबदारी तिच्याच अंगावर.

या वेळी टेम्पोतून आंब्याची कलमं, बांबूची रोपं, हळदीचं बेणं आणि पाण्याच्या घागरी आल्या. गिरजाने अंगणात चार ढीग मांडले आणि प्रत्येकीला आवडत्या ढिगापुढे चिंचोके टाकायला सांगितले. पहिला मान थोरल्या बाईजाचा. तिने आंब्यापुढे टाकले. आता थोरलीला डावलून दुसरीकडे कोण टाकणार? सगळ्यांचे चिंचोके आंब्यापुढेच पडले!

गिरजा चरफडली, पुन्हा घरोघर आंबाच! दुसऱ्या दिवशी मला काखोटीला मारून ती एकेका दारात गेली. माझ्यात ती दोन वाटे मांडी. एकात आंब्याचं पान आणि घागरीच्या नावाचा खडा, दुसऱ्यात बांबूचा तुकडा आणि हळकुंड. "यातला कंचा घेशील?" नको म्हटलं की वाटा बदलून पुन्हा विचारी.

येसू म्हणाली, "आमी दिवाली झाली का वीटभट्टीवर जातो. आंब्याला पानी कोन घालील? बांबू दे, तो आपला आपन जगतो."

ओढ्याकाठची हौसा म्हणाली, "चार आंबं दे, पन संगती घागर दे. घागर नाय, तं एक पन आंबा नको."

आणि बाईजा खो खो हसली. "मला कशाला गो आंबा? तो ढीग जवल व्हता, म्हनून टाकलं! मला हलद दे."

नऊ घरांचे नऊ वेगळे वाटे झाले. ढिगातलं काही उरलं नाही, कुणी कुरकुरलं नाही. पुढच्या पावसाळ्यापर्यंत हौसाचे आंबे तिच्या कमरेला लागले, येसूच्या बांबूला नवे कोंब फुटले, बाईजाची हळद बाजारात गेली. माझा ऊर कसा भरून आला!

मग साहेबांचा टेम्पो आला, तो रिकामाच. साहेब उतरून म्हणाले, "गिरजाबाई, योजना चालूच राहील. तुमचं सूप आणा. आधी विचारू, मग माल आणू."

मित्रांनो, कुणाला काही द्यायचं असेल तर त्याच्या दारात जा आणि त्यालाच विचारा. आता माझी कड उसवली आहे, तेवढी बांधून द्या. अजून पुष्कळ दारं बाकी आहेत.