वस्तादांची रेघ

सिस्टरची छोटी पांढरी गाडी दोर लावून ओढत गॅरेजात आणली, तेव्हा वस्तादांनी आधी एवढंच विचारलं, "बंद पडल्यावर परत स्टार्टर मारलात का?"

"तीनदा. नाही, चारदा असेल," सिस्टर म्हणाली. "चढावर फट्‌ असा आवाज झाला आणि गाडी मेली. वाटलं, पेट्रोलचंच काही असेल."

सिस्टर घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या जखमा धुणारी, पट्ट्या बदलणारी बाई. दिवसाला अकरा घरं. गाडी म्हणजे तिचे पाय. आत्ताही तिच्या पिशवीतून कापसाची गुंडाळी डोकावत होती आणि फोन सारखा वाजत होता.

वस्तादांनी मुलीला खूण केली. मुलीने किल्ली जरा फिरवून लगेच सोडली. इंजिन सरसर फिरलं. नको इतकं हलकं. पाण्याने भरलेली बादली उचलायला जावं आणि ती रिकामी निघावी, तसं. बापलेकीने एकमेकांकडे पाहिलं.

"काय झालं?" सिस्टरने विचारलं.

वस्तादांना शिकवायला फार आवडायचं. समोर शाळेतलं पोर असो की साठीची बाई, त्यांची रीत एकच. त्यांनी दोन्ही पंजे एकमेकांसमोर धरले. "हे बघा. इंजिनात वर छोटी दारं असतात आणि खालून दट्ट्या वर येतो. दट्ट्या वर यायच्या आत दारं मिटायला हवीत. वरच्याला आणि खालच्याला एका तालात ठेवतो तो हा दात्यांचा पट्टा. पट्टा घसरला की ताल चुकला. मग दट्ट्या येतो आणि दार उघडंच." त्यांनी एक मूठ दुसऱ्या हाताच्या बोटांवर आपटली.

"मग दार वाकतं?"

"वाकलं असेल किंवा नसेलही. बघू."

"पण पट्टा तर तुम्ही चार महिन्यांपूर्वीच नवा घातला होता." सिस्टर क्षणभर थांबली. "गेले आठ दिवस घरघर ऐकू येत होती हो. मीच दुर्लक्ष केलं. माझंच चुकलं."

वस्ताद खाली वाकले.

या गॅरेजात एक पद्धत होती. महत्त्वाचा कुठलाही बोल्ट वस्ताद स्वतः आवळायचे, आणि "घट्ट" म्हणाले की मुलगी नेलपॉलिशने त्याच्यावर लाल रेघ ओढायची. बोल्टच्या माथ्यापासून शेजारच्या लोखंडापर्यंत, सरळ. बोल्ट पुढे कधी ढिला होऊन फिरला, तर रेघ तुटलेली दिसणार. मुलगी सहा वर्षांची असताना स्टुलावर उभी राहून ती हे काम करायला लागली. "मी घट्ट म्हटल्याशिवाय रेघ ओढायची नाही," वस्तादांनी तिला तेव्हाच बजावलं होतं. "आणि एकदा म्हटलं की ती काळ्या दगडावरची." आज ती एकतीस वर्षांची होती आणि अर्धं गॅरेज तिच्याच जिवावर चालत होतं. पण आवळणं वस्तादांचं आणि रेघ तिची, यात बदल झाला नव्हता. मागच्या वर्षी तिने हौसेने काट्याचा पाना आणला, किती जोर लागला ते दाखवणारा. वस्ताद हसले होते. "काटा माझ्या खांद्यात आहे, पोरी." तो पाना खोक्यातच पडून राहिला.

वस्तादांनी पट्ट्यावरचं झाकण काढलं. पट्टा शाबूत होता, दाते नव्यासारखे, पण पोटात झोळ पडलेला. वरच्या चाकाची खूण तीन दाते पुढे गेलेली. पट्टा ताणून धरणारी पट्टी मागे सरकली होती, आणि त्या पट्टीच्या बोल्टवर लाल रेघ होती.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. बोल्टच्या माथ्यावरची रेघ आणि पलीकडे इंजिनच्या अंगावरची रेघ एका ओळीत होत्या. मधला, पट्टीवरचा तुकडा तेवढा बाजूला गेला होता. म्हणजे बोल्ट फिरला नव्हता. चार महिन्यांपूर्वी सोडला तसाच होता तो. पट्टीच त्याच्याखालून निसटली होती.

त्यांना तो दिवस आठवला. पाना शेवटचा ओढताना उजव्या खांद्यात कळ गेली, हात अर्ध्यातच थांबला, डोळ्यांपुढे काजवे चमकले. मुलगी ब्रश घेऊन शेजारी उभीच होती. "घट्ट," ते म्हणाले होते.

त्यांच्या हातात रॉकेलचा बोळा होता. एकदा फिरवला की रेघ गेली असती.

"काय दिसतंय, बाबा?" मुलगी गाडीच्या पलीकडून म्हणाली.

"पट्टा घसरलाय. खुणेवर आणू आणि दाब मोजू. दट्ट्यांचे चारी खाने ठीक निघाले तर संध्याकाळपर्यंत गाडी पळेल." बोलताना ते बोल्टच्या आड उभे राहिले. मनात देवाला नाही, इंजिनालाच हात जोडले. तू तेवढा धड निघ, बाबा. मग बोल्ट गुपचूप आवळून घेतो, कुणाला कळायचं कारण नाही.

सिस्टर फोनवर बोलायला बाहेर गेली. वस्तादांनी बोल्टला हात न लावता पट्टा खुणेवर चढवला. मुलीने प्लग काढले, पहिल्या खान्यात दाब मोजायचं घड्याळ बसवलं. स्टार्टर फिरला. काटा बारावर गेला.

"झकास," मुलगी म्हणाली. दुसरा खाना. बारा. वस्तादांनी श्वास सोडला.

तिसऱ्या खान्याला काटा थरथरला आणि शून्यावरच बसला.

"घड्याळाची नळी नीट बसली नसेल," वस्ताद म्हणाले.

तिने नळी काढून पुन्हा बसवली. शून्य. चौथा खाना दोन. मग तिने तिसऱ्या खान्यात पंपाची हवा सोडली आणि हवा आत घेणाऱ्या तोंडाशी कान नेला. तिथून सूं करून हवा परत येत होती. मिटलेलं दार हवा सोडत नाही.

"वाकलीत," ती म्हणाली. "दोन खान्यांची तरी. वरचं सगळं उतरवावं लागेल. बिचारी सिस्टर." ती वळून पट्ट्याच्या बाजूला आली. "पण पट्टी सरकली कशी? बाजूला व्हा बघू."

वस्ताद बाजूला झाले. बोळा त्यांच्या हातात तसाच होता, कोरडा पडत चाललेला.

ती वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली. मग दोन बोटांनी पाना धरला, बोल्टला लावला आणि हलकेच ढकलला. बोल्ट फिरला. दोन बोटांनी.

"बाबा, तुम्ही 'घट्ट' म्हणाला होतात."

"हो."

"मी विचारलंसुद्धा होतं, चेष्टेत. म्हातारबुवा, नक्की ना, म्हणून."

"पोरी, खांदा..." त्यांनी बोळा मुठीत आवळला. "त्या दिवशी जोर लागला नाही."

"त्या दिवशी?"

वस्तादांनी डाव्या हाताने उजवा खांदा दाबून धरला.

"कधीपासून लागत नाही?"

"सहा-सात महिने."

ती ओरडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही. भिंतीला टेकली आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिली, जिथून सहा-सात महिन्यांत कितीतरी गाड्या लाल रेघा ओढून घेऊन गेल्या होत्या. प्रत्येक रेघ तिच्या हातची.

"आठवा," ती म्हणाली. "कोण कोण आलं होतं? इंजिन बंद पडेल ते मागाहून बघू. चाकं सांगा. ब्रेक सांगा."

वस्ताद बोटांवर मोजत सांगू लागले. पाववाल्याचा टेम्पो, मागचं चाक. तो स्वतः आवळून घेतो, त्याचं भय नाही. औषधवाल्याची गाडी, ब्रेक. आणि परवा...

"परवा शाळेची व्हॅन," तीच म्हणाली. "पुढची दोन्ही चाकं."

सिस्टर दारात येऊन उभी होती. "काय म्हणतंय इंजिन?" तिने विचारलं. कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. मुलगी फोन लावत होती. घंटा वाजत राहिली, एकदा, दोनदा, पाचदा. शाळा सुटून दहा मिनिटं झाली होती.

"बोला ताई!" व्हॅनवाल्याचा आवाज मोठ्याने आला. मागे पोरांचा कल्ला, कुणीतरी गाणं म्हणत होतं, कुणीतरी रडत होतं.

"गाडी बाजूला घे. आत्ता. हळू."

"का हो? काय झालं?"

"आधी घे, मग विचार."

गाणं थांबलं. दार सरकल्याचा आवाज आला, मग पावलं. "घेतली. आता?"

"पुढच्या चाकांपाशी जा. हात लावू नकोस, फक्त बघ."

फोनमधून नुसता पोरांचा कल्ला येत राहिला. वस्ताद स्टुलावर बसले होते, त्याच जुन्या बुटक्या स्टुलावर.

"अहो ताई, घाबरवलंत की!" व्हॅनवाला हसला. "सगळ्या रेघा जागच्या जागी आहेत. एकही तुटलेली नाही. वस्तादांचं काम आहे ते! निघू का? पोरं खोळंबलीत."

"नाही. रेघ शाबूत म्हणजे बोल्ट घट्ट, असं नाही. गाडी हलवायची नाही. पोरांना खाली उतरव. मी येते."

तिने फोन खिशात टाकला, फळीवरून खोकं ओढलं आणि काट्याचा पाना बाहेर काढला. त्याच्यावरचा कागद अजून निघालेला नव्हता. दाराशी तिने सिस्टरच्या खांद्यावर हात ठेवला. "तुमची चूक नव्हती," एवढंच म्हणाली. वस्तादांकडे न बघता गेली.

सिस्टर आत आली. "म्हणजे कुणाची चूक?"

वस्तादांनी बोळा खाली ठेवला. सांगायला त्यांनी दोन्ही पंजे उचलले, पण उजवा खांद्यापर्यंत गेलाच नाही.